पापण्या सकाळी चिकटतात, वरचेवर रांजणवाडी होते, ड्रॉप्सनी फरक नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: चोपड्याकडे कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाचं काम, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर डोळ्यांत रेती गेल्यासारखं, वर्षात तीन-चारदा रांजणवाडी. ओलाव्याचे ड्रॉप्स घालता, पण आराम तेवढ्यापुरताच. आणि शेवटी ओझरतं लिहिलंय की आईला (वय 63) वरच्या पापणीत ऑपरेशन करून काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली आहे.

आईचं आधी. उतारवयात पापणीतली गाठ त्याच जागी परत आली तर तिला नुसतं शेकत बसायचं नाही. पापणीच्या तैलग्रंथींचा कर्करोग अगदी साध्या गाठीसारखा दिसतो आणि आपल्याकडे तो दुर्मिळ म्हणून सोडून देण्याइतका कमी नाही. त्या जागचे पापणीचे केस गळलेत का, कड जाड किंवा वेडीवाकडी झाली आहे का, त्याच एका डोळ्याची लाली हटत नाही का, हे उजेडात नीट बघा. काही दिसो न दिसो, याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि या वेळी काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला स्पष्ट सांगा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तुकडा तपासूनच कळतं.

आता तुमचं. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 तैलग्रंथी उभ्या ओळीत असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यांनी 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. त्यांची तोंडं केसांच्या मुळांच्या आतल्या बाजूला, कडेवर उघडतात. प्रत्येक उघडझापेला त्यातून थोडं तेल येतं, अश्रूंवर पसरतं आणि अश्रू उडून जाऊ देत नाही. डॉक्टर कड दाबून बघतात तेव्हा निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येतं. बिघडलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखा पांढरा धागा येतो किंवा काहीच येत नाही. तुमच्या लक्षणांवरून मला हेच वाटतं. अश्रू कमी नाहीत, ते टिकत नाहीत, म्हणून नुसत्या थेंबांनी भागत नाही.

तुंबलेलं तेल पातळ करायला शेक लागतो, आणि चूक नेमकी इथेच होते. लोक गरम पाण्यात रुमाल बुडवतात, डोळ्यावर ठेवतात, मिनिट-दोन मिनिटांत तो गार होतो आणि शेक झाला असं समजतात. पापणीच्या आत 40 अंशांपर्यंत ऊब पोचावी लागते आणि ती आठ-दहा मिनिटं टिकावी लागते. बाहेर 45 अंशांचं ऊन असलं तरी त्याने हे काम होत नाही. सोपी पद्धत: चार छोटे नॅपकिन गरम पाण्यातून घट्ट पिळून पोळ्यांच्या हॉटपॉटमध्ये झाकून ठेवा. एक काढा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका न बसता छान गरम लागला की मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. दोन मिनिटांनी तो परत डब्यात, दुसरा बाहेर. शेकताना डोळा दाबू नका.

शेक संपताच, तेल पुन्हा घट्ट व्हायच्या आत, मालिश. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, दोन्ही वेळा केसांच्या दिशेने, हलक्या हाताने सात-आठ वेळा. बुबुळावर जोर द्यायचा नाही. काचबिंदू असेल, बुबुळ शंकूसारखं होण्याचा आजार असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय मालिश करू नका. मग केसांच्या मुळांची सफाई: तयार वाइप्स मिळाले तर उत्तम, नाहीतर अर्धी वाटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, त्यात इअरबड भिजवून मुळांशी आडवा फिरवा आणि धुऊन टाका. आंघोळीचा साबण नको. मुळांभोवती नळीसारखा कोंडा दिसला तर तो डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचा असतो. त्याला टी ट्री तेलाचे वाइप्स लागतात. शुद्ध तेल मात्र कधीच लावू नका, बुबुळ भाजतं.

हे सगळं पहिला महिना-दीड महिना दिवसातून दोनदा, पुढे रोज एकदा. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडलं की पहिले पाढे पंचावन्न.

कामाच्या जागी स्क्रीन नजरेच्या पातळीखाली ठेवा. स्क्रीनकडे बघताना उघडझाप कमी होते आणि तीही अर्धवट. तासातून दोन-तीनदा डोळे पूर्ण मिटून दोन सेकंद थांबा, आठ-दहा वेळा. कूलरचा झोत तोंडावर नको. सरकीच्या धुळीत जाताना आणि गाडीवर चष्मा हवाच. घरातल्या बायकांनी काजळ आतल्या कडेवर ओढू नये, ते ग्रंथींच्या तोंडातच बसतं. रांजणवाडीवर लसूण-लवंग चोळू नका, ती फोडूही नका; शेकच द्या. पूर्ण पापणी सुजून ताप आला, डोळा हलवताना दुखलं किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि इतक्या वेळा होतेय तर रक्तातली साखर तपासा.

एवढ्यावर भागलं नाही तर डॉक्टर अॅझिथ्रोमायसिनचे थेंब किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात; दोन्ही अँटिबायोटिक. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, दुधासोबत नाही, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या दिवसांत ऊन जास्त बाधतं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही. ओमेगा-3 च्या महागड्या कॅप्सूलवर मी खर्च करणार नाही. 2018 च्या मोठ्या चाचणीत त्या तुलनेसाठी दिलेल्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत. आयपीएल म्हणजे प्रकाशझोताचा उपचार सुचवला तर सावळ्या कातडीवर डाग पडण्याचा धोका आधी विचारा.

मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले थेंब मनाने आणू नका. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस घालत राहतो, आणि आतल्या आत डोळ्याचा दाब वाढतो. असे थेंब आधी घातले असतील तर बाटली सोबत न्या, किती दिवस घातले ते सांगा आणि दाब मोजून घ्या.