बाणाचं पातं घडवताना टोक का फाटतं आणि हातोडा कसा मारावा?

लोखंडी सळईपासून बाणाचं पातं घडवताना तीन अडचणी येतात: टोक फाटतं, पातं एका बाजूला वळतं आणि पात्याच्या अंगावर हातोड्याचे चंद्रकोरीसारखे वण राहतात. वणांपासून सुरुवात करा, कारण हात कुठे चुकतोय ते तेच सांगतात.

कोर तुमच्या बाजूला खोल असेल, तर ठोका बसताना मूठ खाली जाते, म्हणजे ऐरण उंच आहे. पलीकडे खोल असेल तर ऐरण खाली आहे. खान्देशात खाली बसून घडवायची पद्धत आहे आणि ऐरण ओंडक्यात रोवलेली असते. ती उपटत बसू नका, बसायचा पाट उंच-सखल करा. हातोड्याच्या तोंडाला काजळी लावून फळीवर ठोके मारून बघा. डाग मधोमध उमटू लागला की बैठक जमली. तोंडाच्या कडा धारदार असतील तर कानसीने 2-3 मिमी गोल करा. हातोडा 700-800 ग्रॅमचा पुरे. मूठ सैल धरा आणि अंगठा दांड्यावर ताणून ठेवू नका, कोपर दुखतं.

आता टोक. ते फाटतं ते थंड लोखंडावर हलके ठोके मारल्याने. वरचं कातडं सरकतं, गाभा मागे राहतो आणि शेंड्याला खळगा पडतो. म्हणून लोखंड पिवळसर नारिंगी असताना पहिले ठोके जोराचे द्या. सळई ऐरणीच्या पलीकडच्या कडेशी ठेवा, मागचं टोक थोडं उचला आणि हातोडाही तेवढाच कलता मारा. आधी आखूड, बोथट चौकोनी टोक काढा, मग मागे सरकत लांबवा. दोन ठोके, पाव वळसा, पुन्हा दोन ठोके. चौकोन चौकोनच राहिला पाहिजे. शंकरपाळी आकार आला तर लांब कोन वर धरून लगेच ठोका. गोलाई सगळ्यात शेवटी. फाटलेलं टोक ठोकून जुळत नाही, ते छिन्नीने कापून टाका.

बारीक शेंडा काही सेकंदांत काळवंडतो. ऐरण त्याची उष्णता शोषते, म्हणून हातोडा उचलल्यावरच लोखंड टेकवा. मंद लाल दिसलं की थांबा आणि परत भट्टीत घाला. भट्टीत शेंडा निखाऱ्याच्या पलीकडे जाऊ द्या, नाहीतर तोच आधी जळतो. ठिणग्या उडाल्या म्हणजे जळालाच. खान्देशातल्या उन्हाळ्यात उघड्यावर बसलात तर रंग फसवतो. लोखंड असतं त्यापेक्षा थंड वाटतं आणि जास्त तापवलं जातं. सावली हवीच.

पातं रुंद करताना जी कड जास्त ठोकाल ती लांबते आणि पातं दुसरीकडे वळतं. एका कडेला जितके ठोके, तितकेच दुसऱ्या कडेला. दर फेरीला पातं उलटा, कारण ऐरणीकडची बाजू लवकर थंड होते. वळलंच तर पुन्हा तापवून, फुगलेली कड वर धरून हलक्या हाताने सरळ करा.

वजन आधीच ठरवा. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे मीटरमागे किलो, हे बांधकामवाल्यांचं सूत्र इथेही चालतं. 8 मिमीची सळई सेंटीमीटरला साधारण 4 ग्रॅम भरते, म्हणजे 5 सेंमीत 20 ग्रॅम. त्यातून पातं आणि शेपूट (बाणाच्या काडीत बसणारा मागचा भाग) दोन्ही निघतं. शेपटीसाठी पात्यामागे ऐरणीच्या कडेवर मान काढा, छिन्नीने सुटं करा आणि पातं सांडशीत धरून शेपूट लांबवा. मानेला तीक्ष्ण खाच ठेवू नका, बाण तिथेच तुटतो.

टीएमटी सळई, म्हणजे बांधकामातली बरगड्यांची सळई, माझ्या मते या कामाला नकोच. तिच्या बरगड्या ठोक्याखाली दुमडून आत जातात आणि तिथेच पुढे तडा जातो. साधी गुळगुळीत गोल सळई घ्या. जस्ताचा मुलामा असलेली कधीच तापवू नका, तो धूर विषारी असतो.