वजन उतरतंय, मग चांगलंच ना?

"यांनी जन्मात खर्रा तोंडात घातला नाही. मग कॅन्सर काहून झाला जी, मॅडम?" सक्करदऱ्याच्या काकूंनी विचारलं. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, त्यामुळे नागपुरात हा प्रश्न येणारच. अन्ननलिकेच्या वरच्या-मधल्या भागातल्या कॅन्सरमागे आपल्याकडे बहुतेकदा तंबाखू, दारू असते. काकांचा मात्र खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होता. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून होणारा कॅन्सर. सुटलेल्या पोटाचा दाब जठरावर येतो, आम्ल वर चढतं, वर्षानुवर्षं ते सोसून अन्ननलिकेचं अस्तर बदलतं आणि त्यातून थोड्याच जणांना पुढे कॅन्सर होतो.

"म्हणजे माझ्याच रश्श्यानं झालं?"

नाही. वजनानं धोका वाढतो. पण यांनाच का झाला, याचं उत्तर डॉक्टरांकडेही नसतं. काकूंना हे तीनदा सांगावं लागलं.

खरी अडचण वेगळीच होती. ऑपरेशनला चार महिने झाले होते, काका ९४ किलोंवरून ७८ वर आले होते आणि मुलगा खूश होता. "डॉक्टर वजन कमी करा म्हणतच होते, आता आपोआप होऊन राहिलं!" घरात तेल-तूप बंद, काकांना नुसतं भाजीचं सूप.

मी काकांना म्हटलं, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा. उठता येईना. पोट अजून दिसत होतं, मांड्या मात्र गळाल्या होत्या. लठ्ठ माणसाचं हेच फसवं असतं: चरबीआड स्नायू झिजतात आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. या ऑपरेशननंतर वजन उतरतंच, कारण अन्ननलिकेचा रोगट भाग काढून, जठराची नळी करून ती छातीत वर ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडलेली असते. साठवायला जागाच उरत नाही. म्हणून उपास नको, उलट दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायचं.

आहारतज्ज्ञ ताईंनी अंडं, दही, पनीर, मऊ वरण-भातावर तूप सुरू केलं. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासानं. गोड एका वेळी जास्त नाही, नाहीतर धडधड, घाम, जुलाब. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची उशाकडची बाजू उंच. रोज थोडं चालणं. घास अडकू लागला तर सर्जनला लगेच सांगायचं. जोड अरुंद झाला असेल तर दुर्बिणीतून रुंद करता येतो.

वजन उतरवायची गरज होती ती मुलाला. त्यालाही रात्री छातीत जळजळ होते, हे बोलता बोलता निघालं. पोटाच्या डॉक्टरांना दाखव, म्हटलं.

"पाहू," तो म्हणाला.

"पाहू नाही," काकू म्हणाल्या, "सोमवारीच."