‘दत्तकपणाचा आत्मा’: दत्तक की पुत्रपण?

प्रश्न असा आला आहे: “मराठी बायबलात, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, ‘दत्तकपणाचा आत्मा’ असे शब्द आहेत आणि त्याच वाक्यात ‘अब्बा, बापा’ अशी हाक. अब्बा तर उर्दू, तो इथे कसा आला? आणि दत्तक म्हटलं की परकेपणा आलाच. ‘पुत्रपण’ किंवा साधं ‘लेकरूपण’ चाललं नसतं का?”

मी भाषेच्या अंगाने बोलणार, श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा.

अब्बाचं आधी उरकून घेतो. तो उर्दूतून आलेला नाही. येशूची रोजची बोली अरामी, आणि अरामीत बापाला ‘अब्बा’ म्हणत. अरबी ‘अब’ तिचाच भाऊबंद, म्हणून आपल्याकडच्या मुसलमान घरांतला अब्बा ऐकायला सारखा वाटतो. आजच्या हिब्रूतही मुलं बापाला अब्बाच म्हणतात. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांतल्या नातवंडांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, तो फक्त तीनदा येतो: मार्कच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेत, रोमकरांस पत्रात आणि गलतीकरांस पत्रात. तिन्ही ठिकाणी लगेच पुढे ग्रीक शब्द आहे. मूळ ग्रीक मजकुरात अरामी हाक तशीच राहू दिली आणि शेजारी तिचा अर्थ दिला. ‘आमेन’ जसा बहुतेक भाषांत तसाच राहिला, तशातलाच हा प्रकार.

प्रवचनांत हमखास ऐकू येणारी एक गोष्ट मात्र खोडून काढायला हवी: ‘अब्बा म्हणजे पप्पा, अगदी तान्ह्या मुलाची हाक.’ तसं नाही. मोठी, मिशा फुटलेली मुलंही बापाला अब्बाच म्हणत. ग्रीकमध्ये लाडाचा ‘पाप्पा’ होताच, होमरची नउसिका बापाशी बोलताना तो वापरते. रोमकरांस आणि गलतीकरांस ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाने तो घेतला नाही. मराठी अनुवादकाचा कान इथे तयार दिसतो. प्रभूच्या प्रार्थनेत तो ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतो, पण अब्बाच्या शेजारी ‘पित्या’ न ठेवता ‘बापा’ ठेवतो. ‘बाप’ हल्ली भांडणातच जास्त ऐकू येतो म्हणून काहींना तो अंगावर येतो. पण गोव्यातले कोंकणी ख्रिस्ती लोक ‘आमच्या बापा’ म्हणूनच प्रार्थना सुरू करतात, आणि ज्ञानेश्वरांच्या अभंगांतली ‘बापरखुमादेवीवरु’ ही मुद्रा आपण कधी उद्धट मानलेली नाही.

आता दत्तक. खरी गंमत इथे आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’. हुइओस म्हणजे पुत्र, थेसिस म्हणजे ठेवणे, स्थापणे. पुत्र म्हणून स्थापणे. नव्या करारात तो पाचच वेळा येतो आणि पाचही वेळा पौलाच्या नावावरच्या पत्रांत. हा भावनेचा शब्द नव्हे, रोमन कायदेकचेरीतला आहे. रोममध्ये दत्तक घेत ते बहुधा अनाथ बाळाला नव्हे, तर वाढलेल्या पुरुषाला, आणि घेत ते कुळाचं नाव व मालमत्ता पुढे चालावी म्हणून. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं, तो पुढे ऑगस्टस झाला. क्लॉडियसने इ.स. 50 मध्ये नीरोला दत्तक घेतलं आणि पोटचा मुलगा ब्रिटानिकस असताना 54 मध्ये गादीवर नीरो बसला. रोमकरांस पत्र साधारण 57 च्या सुमाराचं. म्हणजे ज्या शहरात ते वाचलं गेलं तिथे दत्तक मुलगाच सम्राट होता! ‘दत्तक म्हणजे दुय्यम’ ही शंका त्या श्रोत्यांना शिवलीही नसेल.

ती आपल्याला का शिवते? आपल्याकडेही दत्तक हा हक्काचाच शब्द आहे. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. घर नवं, नाव नवं, वारसा पुरा. या दोघांना अर्धेमुर्धे वारस म्हणायची कुणाची छाती होईल? माझा अंदाज असा की शब्दाला सल लागला तो डलहौसीपासून. 1848 मध्ये सातारा, 1854 मध्ये झाशी, दोन्हीकडे एकच शेरा: दत्तक नामंजूर. शाळेच्या इतिहासातून हे दोन शब्द आपल्या डोक्यात असे जोडीने बसले आहेत की नुसतं ‘दत्तक’ ऐकलं तरी मन शेऱ्याची वाट बघतं.

तुम्ही सुचवलेल्या ‘पुत्रपणा’त नेमका हा हक्काचा भाग निसटतो. पुत्रपण जन्मानेही असतं. हुइओथेसियात ते बहाल केलेलं असतं. ‘लेकरूपण’ गोड आहे, पण लेकरू शेजारच्यालाही म्हणतो. ‘मानसपुत्र’ तर मुळीच नको, मानसपुत्राला सातबाऱ्यावर जागा नसते. पौल त्याच अध्यायात दोन ओळी पुढे म्हणतो की मुलं आहोत तर वारसही आहोत. ते वाक्य पेलेल असा मराठी शब्द दत्तकच.

एक उणीव मात्र मान्य करतो. ‘दत्तक’ म्हणजे दिलेला. शब्द देणाऱ्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहून बघतो. ग्रीक शब्द घेणाऱ्याच्या घरातून बघतो. पौलाच्या चित्रात देणारं कुणी नाहीच. गलतीकरांस पत्रात तर माणूस आधी गुलाम आहे आणि मोल देऊन सोडवला जातो. मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत ‘क्रीत’, म्हणजे विकत घेतलेला, असाही एक आहे. अर्थाने तो जवळचा, पण ‘क्रीतपणाचा आत्मा’ कोण वाचणार!

आणखी एक. हिंदू दत्तकविधानात 1956 च्या कायद्यापर्यंत मुलगाच दत्तक घ्यायची रीत होती, म्हणजे जुन्या मराठीत दत्तक हा आपोआप पुत्रच. तरी पौल हे पद बायकांनाही देतो. ‘पुरुष व स्त्री हा भेद नाही’ हे वाक्य गलतीकरांस पत्रातलंच. शुभवर्तमान लिहिणारा योहान मात्र देवाशी नातं सांगताना ‘हुइओस’ एकट्या येशूसाठी राखून ठेवतो, तो ‘एकुलता एक पुत्र’, म्हणजे आपल्या भाषेत औरस. बाकीच्यांसाठी त्याचा शब्द ‘तेक्ना’. तेक्नोन ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, आणि आपलं ‘मूल’ही नपुंसकलिंगी. ‘देवाची मुले’ म्हणताना मराठीला काही कसरतच करावी लागत नाही. (भारतातल्या ख्रिस्ती लोकांना दत्तकाचा स्वतःचा कायदा नव्हता. 1890 च्या कायद्याखाली ते मुलाचे फक्त पालक होऊ शकत. बालन्याय कायद्याने हा रस्ता सगळ्यांना मोकळा केला तो या शतकात. ज्या धर्माने माणसाला देवाचा दत्तक म्हटलं, त्याच्याच अनुयायांची ही गत.)

तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘प्रवेश’ याच धाग्यातला. इफिसकरांस पत्रात ‘पित्याजवळ प्रवेश’ आहे, मूळ ‘प्रोसागोगे’, राजासमोर नेऊन उभं करणे अशा छटेचा. प्रवेश म्हटलं की आज शाळेचा अर्ज आठवतो. पण यरुशलेमच्या मंदिरात एक कठडा होता आणि परक्याने, म्हणजे यहुदी नसलेल्याने, तो ओलांडला तर मरणाला तो स्वतः जबाबदार, असा ग्रीक शिलालेख तिथे होता. तो दगड 1871 मध्ये सापडला, आज इस्तंबूलला आहे. इफिसकरांस पत्रात ‘आडभिंत पाडली’ म्हटलंय ते मनात हाच कठडा ठेवून, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्या भाषेने 1930 चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिला, तिला ‘प्रवेश’ या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको.

एका शब्दावर मात्र माझं मत तुमच्यासारखंच बदलाच्या बाजूने. इब्री लोकांस पत्रात ‘धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ’ असं आहे. मूळ ‘पार्रेसिया’, शब्दशः ‘सगळं बोलणे’, काही हातचं न राखता. घरच्या मुलाला बापाच्या खोलीत जायला धैर्य कशाला हवं? तिथे मी ‘मोकळेपणाने’ लिहिलं असतं.