तपासनीस आधी सिंककडे जातो

प्रिय डॉक्टर,

तपासणीची नोटीस येताच तू दातांच्या दवाखान्याला रंग द्यायला घेतलास, हे वाचून हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली. भिंती स्वच्छ हव्यातच, पण तपासणीला येणारा माणूस भिंती बघायला येत नाही. मी दवाखाना चालवला आहे आणि काही वर्षं तपासणी पथकाबरोबर इतरांचे दवाखानेही पाहिले आहेत. छोट्या दवाखान्यात दहा ठिकाणी डोकवायची गरजच नसते. एक माउथ मिरर (दात बघायचा छोटा आरसा) धरायचा आणि तो एका पेशंटच्या तोंडातून निघून पुढच्याच्या तोंडात जाईपर्यंत त्याच्या मागे मागे चालायचं. वाटेत बहुतेक सगळं दिसून जातं.

रंगाचं काम थांबव आणि तूही तेच कर. गर्दीच्या वेळी एखादा पेशंट आटोपला की काही न बोलता नुसती बघत राहा. असिस्टंट वापरलेला ट्रे कुठून नेते? तो निर्जंतुक इन्स्ट्रुमेंट्सची स्वच्छ पाकिटं, म्हणजे पाउच, ठेवलेल्या ओट्यावरून जातो का? इन्स्ट्रुमेंट्स सिंकमध्ये कोरडी पडून राहतात की लगेच भिजवली जातात? वाळलेलं रक्त निघता निघत नाही, आणि कढत पाण्यात तर त्यातली प्रथिनं गोठून धातूला घट्ट बसतात. म्हणून हाताने धुताना पाणी 45 अंशांच्या खालीच असावं. घासायचं ते पाण्यात बुडवून, वाहत्या नळाखाली नव्हे, नाहीतर तुषार तोंडावर येतात. जाड हातमोजे आणि चष्मा खुंटीला टांगलेलेच दिसले, तर ते कोणी वापरत नाही हे विचारावंही लागत नाही.

‘जागाच नाही हो’ हे कारण मी असंख्य वेळा ऐकलं आहे. जागा कमी असली तरी दिशा पाळता येते. ओट्याच्या एका टोकाला घाण, मग धुणं, मग कोरडं करणं, पाउच, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि दुसऱ्या टोकाला स्वच्छ साठा. एकदा पुढे गेलेली वस्तू मागे येणार नाही, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. हात धुण्याचं बेसिन मात्र वेगळंच हवं, तिथे तडजोड नको.

आता ऑटोक्लेव्ह. इथे बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं. 121 अंशांना 15 मिनिटं किंवा 134 अंशांना 3 मिनिटं, हे तुला पाठ आहे. पण ही वेळ मोजायची ती आतलं तापमान तिथे पोचल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे. तुझं यंत्र व्हॅक्यूमवालं (आधी आतली हवा ओढून काढणारं) आहे की साधं, हेही ठाऊक असू दे. हँडपीससारख्या, म्हणजे दात कोरायच्या यंत्रासारख्या, पोकळ वस्तूंच्या आत हवा अडकते, आणि जिथे हवा आहे तिथे वाफ पोचत नाही. व्हॅक्यूमचं यंत्र असेल तर रोज पहिल्या लोडच्या आधी बोवी-डिक किंवा हेलिक्स चाचणी (हवा पुरती निघून वाफ आत पोचते का, ते दाखवणारी) करायची आणि तिची पट्टी तारीख टाकून जपून ठेवायची.

पाउचवरची पट्टी काळी पडली म्हणजे काम झालं, असं तुझी असिस्टंट म्हणेल. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून तूही तसंच धरून चालली आहेस असं वाटलं. ती पट्टी एवढंच सांगते की हे पाउच यंत्रात जाऊन आलं. जंतू मेले की नाही ते स्पोर टेस्टने कळतं. त्या कुपीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या चिवट जंतूचे बीजाणू असतात. लोडमध्ये घालून काढलेली कुपी इन्क्युबेटरमध्ये ठेवतात आणि शेजारी त्याच बॅचची, ऑटोक्लेव्ह न केलेली कुपी ठेवतात. ही दुसरी कुपी बहुतेक जण विसरतात. तिच्यात वाढ व्हायलाच हवी. ती झाली नाही तर बीजाणू आधीच मेलेले होते किंवा इन्क्युबेटर तापला नव्हता, म्हणजे पहिल्या कुपीच्या चांगल्या निकालालाही काही अर्थ उरत नाही. ही चाचणी आठवड्यातून एकदा करावी, असं जाणकार सांगतात. मी असते तर नोंदवहीत दोन्ही कुप्यांचे रकाने शेजारी शेजारी आखले असते.

पाउच ओले निघत असतील तर भरगच्च लोड लावणं बंद कर. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात आणि मग सगळी मेहनत पाण्यात जाते.

ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीबद्दल स्पष्टच सांगते. नोटीस आल्यावर एका बसणीत भरलेली वही ओळखायला दोन मिनिटं लागत नाहीत. सगळीकडे एकच पेन, एकच उतार, प्रत्येक ओळीत तेच आकडे आणि दवाखाना बंद असलेल्या दिवशीही सायकल चाललेली. मी तर आधी अशा सुट्टीच्या तारखाच शोधत असे. तुझ्या वहीत मागचे दोन महिने कोरे असतील तर ते कोरेच राहू दे. आजपासून रोजची नोंद रोज कर आणि कोऱ्या पानांवर ‘नोंद केलेली नाही’ एवढंच लिही. कोरं पान म्हणजे त्रुटी, खोटं पान म्हणजे लबाडी. त्रुटीला बहुधा मुदत मिळते. आणि एकदा लबाडी सापडली की तुझ्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पाण्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. डेंटल युनिटच्या (पेशंटच्या खुर्चीला जोडलेल्या यंत्राच्या) बारीक नळ्यांमधून पाणी सावकाश वाहतं, रात्रभर साचून राहतं आणि आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. 2011 मध्ये इटलीत 82 वर्षांच्या एका बाईंचा लीजनेअर्स आजाराने (पाण्यातल्या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाने) मृत्यू झाला आणि संसर्गाचा माग दंतवैद्याच्या युनिटमधल्या पाण्यापर्यंत लागला. अमेरिकेत 2015 मध्ये जॉर्जियात आणि 2016 मध्ये कॅलिफोर्नियात दुधाच्या दातांची पल्पोटॉमी (दाताच्या आतला खराब गर काढणं) केलेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जंतूचा संसर्ग झाला. तिथेही उगम युनिटच्या पाण्यातच सापडला. काही मुलांच्या जबड्याच्या हाडाचा भाग काढावा लागला. पल्पोटॉमी तूही करतेस, म्हणून हे सांगते आहे. दर पेशंटनंतर हँडपीसमधून 20 ते 30 सेकंद पाणी सोड, सकाळी त्याहून जास्त वेळ. पण नुसतं पाणी सोडून तो थर सुटत नाही. युनिटच्या कंपनीने सांगितलेलं जंतुनाशक ठरल्या दिवशी वापरायला हवं आणि अधूनमधून पाण्याचा नमुना तपासून घ्यायला हवा. साध्या उपचारांच्या पाण्यात मिलिलिटरमागे 500 पेक्षा जास्त जंतूवसाहती नकोत, हा सर्वत्र वापरला जाणारा आकडा. शस्त्रक्रियेला, म्हणजे हाड उघडं पडतं तिथे, युनिटचं पाणी वापरायचंच नाही. निर्जंतुक सलाइन घ्यायचं.

इमर्जन्सी ट्रेची परीक्षा फार सोपी असते. ‘ऑक्सिजन सुरू करून दाखवा,’ एवढंच म्हणतात. सिलिंडर भरलेला असतो, मास्कही असतो, पण सिलिंडर उघडायची किल्ली सापडत नाही. ती दोरीने सिलिंडरलाच बांधून टाक. अ‍ॅड्रेनलिनच्या अ‍ॅम्प्यूलची मुदत बघ, आणि मोठ्या माणसाला जीवघेण्या अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचं, हे कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ट्रेला चिकटव. त्या क्षणी आठवेल या भरवशावर राहू नकोस. सिरिंज आणि सुई त्याच ट्रेत हवी. हे हास्यास्पद वाटेल, पण मी औषध असलेले आणि सुई नसलेले ट्रे पाहिले आहेत.

सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, दाबून दाबून भरायचा नाही. टोपण परत लावायचंच असेल तर एका हाताने. हिपॅटायटिस बीची लस तुझी झाली असेल, पण असिस्टंटची झाली आहे का? आणि सफाईला येणाऱ्या मावशींची? डबा तर त्याच उचलतात. डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून कागद फाइलला लाव. सुई टोचली तर काय करायचं ते सिंकशेजारी लिहिलेलं हवं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकी सुरू करायची असतात.

एक्स-रेचं थोडक्यात: यंत्राची नोंदणी आणि तपासणीचे कागद, अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज असेल तर तो अंगावर (ड्रॉवरमध्ये नको) आणि तू उभी राहतेस ती जागा किरणांच्या वाटेबाहेर, किमान 2 मीटरवर. यावर तुला जास्त सांगायची गरज नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते: ‘ते मला काय काय विचारतील?’ तुला फारसं विचारणारच नाहीत. विचारतील ते असिस्टंटला. ‘ताई, हे कसं धुता?’ एवढ्यावर ती तुझ्याकडे बघायला लागली आणि तिच्या वतीने तू बोलायला लागलीस, की पुढचे प्रश्न वाढतात. तिला उत्तरं पाठ करायला लावू नकोस. पाठ केलेलं लगेच कळतं, कारण तोंडाने एक सांगतात आणि हात दुसरंच करतात. त्याऐवजी कामाची पद्धत तिलाच तिच्या शब्दांत लिहायला सांग, चुकलं तिथे दोघी मिळून सुधारा आणि तोच कागद सिंकच्या वर लाव. विकत आणलेल्या, पॉलिश केलेल्या नियमावलीपेक्षा तो खूप उपयोगी पडतो.

त्या दिवशी अपॉइंटमेंट कमी ठेव, पण दवाखाना बंद ठेवू नकोस. एखादा पेशंट बघताना त्यांनी तुला पाहिलेलं बरं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, बघून सांगते’ म्हण. एखादा शेरा चुकीचा वाटला तर नियमाचं कलम विचार, लिहून घे, पण तिथे हुज्जत घालू नकोस. लेखी उत्तरात मुद्दा मांडायला जागा असते. त्या उत्तरात प्रत्येक त्रुटीपुढे काय करणार, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहायचं. तारखा जमतील अशाच टाक, कारण दुसऱ्या फेरीत ते तोच कागद हातात घेऊन येतात.

पाण्याच्या तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो, तेव्हा नमुना याच आठवड्यात पाठव. आणि वहीचा एक रिकामा नमुना मला पाठव, रकाने बघून देते.

तुझी,
मॅडम