स्पर्धा कायद्याच्या खटल्यात आर्थिक विश्लेषक नेमकं काय करतो? मराठवाड्यातून एम.ए. केलेल्याला हे काम जमेल का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "सगळ्या कंपन्यांनी एकच दर भरला की कार्टेल उघडच दिसतं, मग विश्लेषकाला काम उरतं काय?" (कार्टेल म्हणजे कंपन्यांनी आपसात दर ठरवून घेणं.) नोकरीचं नंतर सांगतो. आधी याला उत्तर देतो, कारण हाच वाद माझा माझ्या चुलत्याशी वीस वर्षं चाललाय.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, काकांची आडत परभणीच्या मोंढ्यात. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, लिहायला बसायचो. सोयाबीनचा ढीग, भोवती पाच खरेदीदार. बोली पाच-दहा रुपयांनी सरकायची आणि एका आकड्यावर थांबायची. शेजारच्या आडतीवरही तोच आकडा. मी म्हणायचो, हे ठरवून चाललंय. काका म्हणायचे, "प्लांटचा भाव सगळ्यायला येकच यायलाय, मंग मोंढ्यात दोन भाव कुठून येतील रे?" प्लांट म्हणजे सोयाबीनचं तेल काढणारे कारखाने.

काकांचं हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयातही टिकलेलं आहे. गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांनी टेंडरात सारखे दर भरले म्हणून स्पर्धा आयोगाने, म्हणजे असं संगनमत तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, दंड केला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. खरेदीदार तीनच तेल कंपन्या, बाजाराची रचनाच अशी की दर आपोआप जवळ यावेत. पण त्याच्या आदल्याच वर्षी धान्याच्या गोदामात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा निकाल आला होता. अन्न महामंडळाच्या २००९च्या टेंडरात तीन कंपन्यांनी किलोला बरोब्बर ३८८ रुपये भरले होते. कारखाने वेगळ्या ठिकाणी, खर्च वेगळा, दर मात्र एकच. तिथे दोष कायम राहिला, फक्त दंड त्या गोळ्यांच्या उलाढालीपुरता मोजायला सांगितला. म्हणजे दर दोन्हीकडे सारखे, पण एकीकडे सुटका आणि दुसरीकडे दंड. ही दोन प्रकरणं वेगळी कशाने झाली ते आकड्यांतून दाखवणं, हे विश्लेषकाचं काम.

माझा पहिला मोठा मामला सरकारी खरेदीचाच होता. मालाचं नाव सांगता येत नाही. सात वर्षांची टेंडरं, शेकडो स्कॅन केलेली पानं. पहिले सहा आठवडे नुसती सफाई केली. कोणाचा दर डेपोत पोहोच, कोणाचा कारखान्यावरचा, कोणी कर धरलेला, कोणी न धरलेला. दिल्लीतल्या माझ्या सहकाऱ्यांनी सगळे दर एकाच रकान्यात टाकले होते. मोंढ्यात बसलेला माणूस भाव ऐकला की आधी विचारतो, हमाली-तोलाई कोणाकडं? तसंच मी भाडं कोणाकडे ते विचारलं आणि सगळा तक्ता पुन्हा मांडला.

त्यात एक गोष्ट वर आली. एका कंपनीचा कारखाना एका डेपोपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. तिथे ती जो दर भरायची, त्याहून कमी दर पाचशे किलोमीटरवरच्या डेपोला. आणि जवळच्या डेपोत दर वेळी हरायची. हरायचंच ठरवलं असेल तरच कोणी असा दर भरतो. अमेरिकेत ओहायोतल्या शाळांच्या दुधाच्या टेंडरांवर पोर्टर आणि झोना यांनी १९९९ मध्ये असंच काम छापलंय: जवळच्या शाळांना चढा दर, लांबच्यांना कमी.

आमच्या साहेबांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "हे मोंढ्यातलं गणित इथे नको, मॉडेल लाव." तक्ता अहवालातून गेला. सुनावणीत समोरच्या अर्थतज्ज्ञाने एवढंच सांगितलं की कच्चा माल सगळे एकाच ठिकाणाहून, एकाच भावाने घेतात. आमचं मॉडेल तिथेच झोपलं. काकांचाच मुद्दा होता तो. त्या संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, कच्च्या मालाच्या भावाने ज्याचा उलगडा होत नाही असं काही आहे का? मी बॅगेतून तो तक्ता काढला. त्यांनी पेन्सिलने त्या चाळीस किलोमीटरच्या ओळीभोवती गोल केला आणि पुढची तयारी तिथून सुरू केली. मामला अजून अपिलात आहे, पण तो गोल मी विसरणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जमेल. स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं दोन-चार महिन्यांत येतात. इनव्हॉइस वाचता न येणारा मुलगा मात्र कुठल्याही मोठ्या विद्यापीठातून आलेला असला तरी मला टीममध्ये नको. इंग्रजी लिहिता आलंच पाहिजे, अहवालावर उलटतपासणी होते. नोकऱ्या दिल्ली-मुंबईतच आहेत, घर सोडावं लागेल. आणि हेही खरं की दंडात सवलत मिळावी म्हणून आतलाच कोणी ई-मेल घेऊन आयोगाकडे आला, तर आपल्या तक्त्यांना फारसं कोणी विचारत नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(३) खाली कंपन्यांमधला असा करार सिद्ध झाला की स्पर्धेला बाधा आली असं कायदा धरूनच चालतो. करार आहे हे दाखवण्यातच सगळी मेहनत जाते.

आता काकांसाठी, कारण चुलतभाऊ त्यांना हे वाचून दाखवणार. काका, भाव सारखा का, ते प्लांटच्या फोनने कळतं, मान्य. पण पहिल्या ढिगावर तिघं तोंडच उघडत नव्हते आणि पुढच्या ढिगावर ज्याने आधीचा घेतला तो गप्प, हे फोनवर येत नाही. असा एक ढीग माझ्या वडिलांचा होता. पट्ट्यांवर घेणाऱ्याचंच नाव असतं, पण एका दिवसाच्या पट्ट्या ओळीने लावल्या की घेण्याची पाळी दिसेल. त्या वर्षीच्या वह्या माळ्यावर असतील, खाली काढून ठेवा. धनत्रयोदशीला मी येतोय.