वाचकांचे प्रश्न : प्लॅटिनमखालची काजळी

प्रश्न : २०२० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीची चाचणी घेतली, तेव्हापासून इंधनघटांविषयी (हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून वीज बनवणाऱ्या घटांविषयी) मिळेल ते मी वाचत असते. त्यात प्लॅटिनमचे सूक्ष्म कण कार्बनवर बसवलेले असतात आणि हा कार्बन कालांतराने नष्ट होतो, असे वाचले. मग भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते टायटॅनियम डायऑक्साइड त्याच्या जागी का वापरत नाहीत? ते स्वस्त आहे आणि आम्लातही टिकते. (रसायनशास्त्राच्या एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपली सूचना रास्त आहे आणि संशोधकही त्याच वाटेने गेले आहेत. अडचण कुठे येते ते कळण्यासाठी आधी कार्बनचे दुखणे पाहू.

गाडीच्या इंधनघटात उत्प्रेरकाचे काम करणारा प्लॅटिनमचा कण साधारण ३ नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे जेमतेम ९०० अणूंचा असतो. इतक्या बारीक कणांच्या एका ग्रॅमला सुमारे ९० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. मात्र कण एकमेकांपासून दूर राहिले, तरच तो उपयोगी पडतो. त्यासाठी ते काजळीवर पसरतात. ही काजळी म्हणजे टायरला काळा रंग देणाऱ्या कार्बनचीच भावंडे. ती वीज वाहून नेते, सच्छिद्र असते आणि स्वस्तही असते. दोष एकच : पाण्याच्या सान्निध्यात, हायड्रोजनच्या तुलनेत ०.२ व्होल्टच्या वर गेले की कार्बनचे कार्बन डायऑक्साइड होणे ऊर्जेच्या हिशेबाने शक्य असते, आणि हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड तर चालू गाडीत ०.६ ते ०.९ व्होल्टवर असतो. ही अभिक्रिया फार मंद आहे, म्हणूनच आजवर कार्बनवर निभावले आहे.

खरा घात गाडी सुरू करताना होतो. गाडी रात्रभर उभी राहिली की हायड्रोजनच्या बाजूलाही हवा शिरते. सकाळी हायड्रोजन सोडल्यावर क्षणभर त्या बाजूच्या इलेक्ट्रोडच्या एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला हवा, अशी स्थिती होते. पहिले टोक नेहमीसारखी वीज निर्माण करू लागते. दुसऱ्या टोकाला हायड्रोजन नसल्याने तिथल्या ऑक्सिजनला लागणारे प्रोटॉन दोन्ही बाजूंमधल्या आम्लयुक्त पडद्यापलीकडच्या हवेच्या इलेक्ट्रोडला पुरवावे लागतात, आणि ते तो पाणी व स्वतःचा कार्बन यांच्या ऑक्सिडीकरणातून काढतो. तिथले विभव (विद्युतदाब) तेव्हा १.५ व्होल्टच्या आसपास जाते. हायड्रोजन सर्वत्र पोहोचताच सारे पूर्ववत होते. पण शहरातली गाडी दिवसातून चार वेळा सुरू झाली, तर दहा वर्षांत हा प्रसंग चौदा हजारांहून अधिक वेळा येतो. कार्बन जातो, छिद्रे ढासळतात, पाणी साचते आणि आधार सुटलेले प्लॅटिनम निरुपयोगी होते. त्यामुळेच विभव १ ते १.५ व्होल्टमध्ये हजारो वेळा वरखाली करणे, ही आधारद्रव्याची नेहमीची कसोटी झाली आहे.

धातूच्या ऑक्साइडला हे भय नाही, कारण ते जणू आधीच जळून राख झालेले असते आणि राख पुन्हा पेटत नाही. मात्र टायटॅनियम डायऑक्साइड वीज जवळजवळ वाहूच देत नाही. त्यावर बसलेल्या प्लॅटिनमला इलेक्ट्रॉन पोहोचणार कसे? एक उपाय म्हणजे ही पांढरी भुकटी हायड्रोजनमध्ये सुमारे १,००० अंश सेल्सिअसला तापवून तिच्यातला थोडा ऑक्सिजन काढून घेणे. मग ती निळसर काळी होते आणि चांगली विद्युतवाहक बनते. पण एवढ्या उष्णतेत कण एकमेकांत वितळून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो, आणि वापरात असताना वरचा थर ऑक्सिजन परत घेऊन पुन्हा पांढऱ्याच्या वळणावर जाऊ लागतो. दुसरा उपाय नायोबियम हा धातू थोडा मिसळण्याचा आहे.

माझ्या मते सर्वांत आशादायक द्रव्य म्हणजे कथिलाचे ऑक्साइड. जपानमधील यामानाशी विद्यापीठात नायोबियम, टँटलम किंवा अँटिमनी मिसळलेले त्याचे कण काजळीसारखेच माळेत एकमेकांना जोडून घेतले गेले, म्हणजे विजेला अखंड वाट मिळते आणि मध्ये वायूला जागाही राहते. यांपैकी अँटिमनी आम्लात विरघळून बाहेर पडू शकते, म्हणून इतर दोन बरे. शिवाय हायड्रोजनच्या बाजूला शून्याजवळच्या विभवाला कथिलाचे ऑक्साइड धातूकडे झुकते, त्यामुळे त्याला हवेच्या बाजूलाच जागा द्यावी.

इथे एक हिशेब मुद्दाम सांगतो, कारण तुलना करताना तो बऱ्याचदा निसटतो. नेहमीच्या काजळीच्या एका ग्रॅमला सुमारे २५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. कथिल ऑक्साइडचा ५० धरला, तर ते पाचपट कमी वाटते. पण कथिल ऑक्साइडची घनता काजळीच्या साडेतीनपटींहून थोडी अधिक आहे. त्यामुळे भरीव घनफळ समान धरले तर कथिल ऑक्साइडचा पृष्ठभाग काजळीच्या जेमतेम पाऊणपट भरतो, आणि घटातल्या थराची जाडी ग्रॅमवर नव्हे, घनफळावर ठरते. वजनी टक्केवारी सारखी ठेवून केलेल्या तुलनेवरून ऑक्साइडला नापास करू नये.

प्रश्न : उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, असे शाळेत शिकलो. मग आधार भक्कम असला तरी प्लॅटिनम का घटते? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : अभिक्रियेत ते खर्च होत नाही, विभव वरखाली होताना मात्र त्याचे काही अणू आम्लात विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लहान कण झिजतात, मोठे फुगतात. वजन बहुतांशी तेच राहिले तरी पृष्ठभाग कमी होतो. ऑक्साइड प्लॅटिनमला कार्बनपेक्षा घट्ट धरते, त्यामुळे कण सरकून एकमेकांना चिकटणे कमी होते. विरघळणे मात्र केवळ त्या पकडीने थांबत नाही. ही पकड अंगाशीही येऊ शकते. एक्झॉन या तेलकंपनीतील टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवले, की टायटॅनियम डायऑक्साइडवरचे प्लॅटिनम ५०० अंशांना हायड्रोजनमध्ये तापवले की ते हायड्रोजन जवळजवळ शोषेनासे होते. ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धातूवर चढून बसतो, हे त्यामागचे कारण पुढे उमगले. म्हणूनच असा उत्प्रेरक बनवताना भट्टीचे तापमान जपावे लागते.