अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा कोच व्हायचं असेल तर कोणता कोर्स करावा?

तुम्ही विद्यापीठाच्या संघातून खेळला आहात, पदवी हातात आहे, आणि अमेरिकेतल्या कॉलेजात कोच होण्यासाठी कोणता कोर्स करावा असं विचारताय. माझ्या मते कोर्स हा यातला सर्वांत दुय्यम भाग. तिथे कॉलेज कोचला सक्तीचा परवाना लागत नाही. मुख्य कोच आपली माणसं स्वतः निवडतो, आणि कॉलेज बदललं की त्यांतल्या काहींना बरोबर नेतो. त्यामुळे सुरुवात कोणाच्या हाताखाली होते, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

पायऱ्या साधारण अशा: स्टुडंट मॅनेजर, ग्रॅज्युएट असिस्टंट, व्हिडिओ कोऑर्डिनेटर किंवा डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स (संघाची सगळी व्यवस्था पाहणारा), मग असिस्टंट कोच, मग मुख्य कोच. मॅनेजरचं काम पदवीचे विद्यार्थी करतात, म्हणजे तुमचं दार ग्रॅज्युएट असिस्टंटचं. मास्टर्सची फी पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ होते, थोडा भत्ता मिळतो, आणि बदल्यात पडेल ते काम करायचं. ब्रॅड स्टीवन्सने 2000 साली औषध कंपनीतली नोकरी सोडून बटलर विद्यापीठात अगदी तळापासून सुरुवात केली आणि 2007 मध्ये तो तिथला मुख्य कोच झाला. इतकं झटपट क्वचितच कुणाचं होतं. टॉम इझो 1983 मध्ये मिशिगन स्टेटला अर्धवेळ असिस्टंट म्हणून आला, मुख्य कोच झाला 1995 मध्ये.

पहिली काही वर्षं कोर्टपेक्षा लॅपटॉपवर जास्त जातात. प्रतिस्पर्धी संघ असिस्टंट आपसांत वाटून घेतात; ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याने त्याचा स्काउटिंग रिपोर्ट करायचा. तुम्ही सामन्याचं फुटेज पझेशनप्रमाणे, म्हणजे बॉल एका संघाच्या ताब्यात असण्याच्या प्रत्येक खेपेप्रमाणे, कापून द्यायचं: पिक अँड रोलला (सहकाऱ्याच्या आडोशाने बॉल पुढे न्यायची चाल) बचाव कसा केला, साइडलाइनवरून बॉल आत घेताना कोणते प्ले चालवले, कोणता खेळाडू डावीकडे ड्राइव्ह करायला कचरतो. नवखे इथे हमखास चुकतात ते सामन्यामागचे गुण मोजून. वेगाने खेळणारा संघ 80 गुण खातो, तरी त्याचा बचाव चांगला असू शकतो. म्हणून हिशेब पझेशनमागे करायचा: मारलेले शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड (हुकलेला आपलाच शॉट परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला बॉल), अधिक फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणारे शॉट) 0.475 पट. 60 शॉट, 10 रिबाउंड, 12 टर्नओव्हर आणि 20 फ्री थ्रो असतील तर 71.5 पझेशन होतात. त्यात 75 गुण म्हणजे पझेशनमागे साधारण 1.05. खेळाडूंना दाखवायची क्लिप मात्र दहा मिनिटांच्या आत ठेवा. त्यापुढचं कुणाच्या डोक्यात राहत नाही.

बढती मात्र रिक्रूटिंगवर, म्हणजे संघासाठी खेळाडू मिळवण्यावर, मिळते. 2023 पासून डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांतला सर्वांत वरचा स्तर) संघांना असिस्टंटच्या दोन जागा वाढवून मिळाल्या, पण त्या जागांवरच्या कोचना बाहेर जाऊन खेळाडू हेरायची मुभा नव्हती. अशी जागा देऊ केली गेली तर ती नेमकी कोणत्या प्रकारची, हे आधी विचारा. खेळाडू गोळा करायची पद्धतही पार बदलली आहे. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि 2025 पासून कॉलेज त्यांना थेट पैसे देऊ शकतं. हंगाम संपला की निम्मा संघ नव्याने उभा करावा लागतो, ही आता नवलाई राहिलेली नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाचा मुख्य कोच टोनी बेनेट 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, या नव्या वातावरणात आपण बसत नाही असं सांगून पायउतार झाला.

नियमांत सगळ्यात जास्त गोंधळ तासांचा. हंगामात सराव दिवसाला कमाल 4 आणि आठवड्याला 20 तास, शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस 3 तास धरतात. सक्तीने फिल्म दाखवली तर तीही यातच मोजायची. ती नोंदवायची राहिली की नियमभंग, आणि नोंदवही बहुधा तुमच्याकडेच असते.

डिव्हिजन थ्रीकडे, म्हणजे तिसऱ्या स्तराकडे, नाक मुरडू नका. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही आणि माणसं कमी, म्हणून बसचं बुकिंग, कपड्यांची धुलाई, सराव घेणं सगळं अंगावर पडतं. कोर्टवर उभं राहायला तिथेच लवकर मिळतं.

व्हिसाचं गणित आधी मांडा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि संघाचं काम त्यात मावत नाही. ‘उरलेलं बिनपगारी करतो’ म्हणण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. मास्टर्सनंतर ओपीटीचे (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) 12 महिने मिळतात. पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लागेल. विद्यापीठांना त्यासाठी लॉटरी नसते, ही जमेची बाजू. पण कोचिंगचे करार बरेचदा वर्षावर्षाचे असतात आणि मुख्य कोचला काढलं की बहुतेक सगळा स्टाफ घरी जातो. पुढे मोठा नावाजलेला कोच झालेल्या माइक शशेफ्स्कीचे ड्यूक विद्यापीठातल्या पहिल्या 3 हंगामांत 38 विजय आणि 47 पराभव होते. आज इतका धीर कोणी धरेल असं मला वाटत नाही.

नेमणुकांची धांदल मार्चअखेर ते मे. मुख्य कोचला ईमेल करण्यात अर्थ नाही, डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सला करा. बायोडेटा एका पानात संपवा, आणि सोबत त्यांच्याच गटातल्या एखाद्या संघाचा दोन पानी स्काउटिंग रिपोर्ट आणि पाच मिनिटांची क्लिप जोडा.